कानाच्या पाळीखाली गाठ लागली तर

एसटीत कंडक्टर होतो. गाडी मागे घेताना शिट्टी वाजलीच पाहिजे, म्हणून ओठांची किंमत मला जरा जास्तच कळते.

गाठ शोधली ती आमच्या न्हाव्याने. दाढी करताना वस्तरा डाव्या पाळीखाली अडला. "कंडक्टरसाहेब, इथं सुपारीएवढं काहीतरी लागतंय." दुखत नव्हतं, म्हणून मी दोन वर्षं काढली. तेवढी चूक करू नका. लाळग्रंथीतल्या या गाठी बहुधा दुखतच नाहीत.

आधी आरशात दोन्ही पाळ्या सारख्या दिसतात का बघा. गाठीकडची पाळी उचललेली दिसते. वरची कातडी चिमटीत धरा. कातडीलाच चिकटलेली, मधोमध काळा ठिपका असलेली गाठ वेगळी. ही आत असते, कातडी वरून सरकते. गालफुगी तापाबरोबर येते आणि आठ-दहा दिवसांत उतरते. लाळेच्या नळीत खडा असेल तर जेवायला बसलं की फुगतं, मग ओसरतं. ही मात्र रिझर्वेशन असल्यासारखी बसून राहते.

आता भुवया उंचवा, डोळे गच्च मिटा, गाल फुगवा, दात दाखवा. एक बाजू मागे पडत असेल, गाठ भराभर वाढत असेल, दुखत असेल, हलत नसेल किंवा मानेतही गाठी लागत असतील, तर त्याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या किंवा कॅन्सरच्या सर्जनला गाठा.

यात घोळ असा, की चेहरा हलवणारी नस कानाखालून निघते आणि पॅरोटिड नावाच्या लाळग्रंथीत शिरून तिचे पाच फाटे होतात: कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ, मान. गाठ नेमकी या फाट्यांच्या शेजारी. मला पहिल्यांदा ज्यांनी तपासलं ते म्हणाले, "चरबीची आहे, पंधरा मिनिटांत काढतो, झोपा." मी चप्पल काढलीसुद्धा होती. बायकोने हात धरून बाहेर आणलं.

आधी सोनोग्राफी, मग बारीक सुईने पेशी काढून तपासणी, म्हणजे एफएनएसी. गाठ खोलवर असेल तर एमआरआय. चिरा देऊन तुकडा काढायला शक्यतो तयार होऊ नका. पेशी सांडल्या तर काही वर्षांनी त्याच जागी मण्यांसारख्या बारक्या गाठी उगवतात.

माझी निघाली प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा. कॅन्सर नाही. पॅरोटिडच्या सुमारे ८० टक्के गाठी अशा साध्याच असतात. पण वर्षानुवर्षं ठेवल्या तर काहींचा कॅन्सर होतो, म्हणून काढायची. सर्जनला दोन प्रश्न न लाजता विचारा: नस आधी शोधून मग गाठीला हात लावणार ना? आणि नुसती गाठ सोलून काढणार, की भोवतालच्या ग्रंथीसकट? सोलून काढलेली परत येण्याचा धोका जास्त. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

ऑपरेशननंतर ओठाचा डावा कोपरा सहा आठवडे ड्युटीवर आला नाही. शिट्टी तोंडात धरली की तिथून हवा निसटायची. नस शाबूत असेल तर हे बहुधा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत भरून येतं. डोळा पुरता मिटत नसेल तर दिवसा थेंब, रात्री मलम. यात आळस नको. पाळी बधिर राहते. मला वस्तरा लागून रक्त कॉलरवर आलं तेव्हा कळलं.

आणखी एक गंमत. वर्षभराने मिसळ खाताना फक्त डावा गाल घामाने डबडबला. लाळेच्या नसांचे तंतू घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात. याला फ्रे सिंड्रोम म्हणतात. फार त्रास झाला तर बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. मी रुमाल ठेवतो.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मात्र जपा. अशी गाठ दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकते, आणि तेव्हा नवा डॉक्टर पहिला तोच कागद मागेल. माझा तिकिटांच्या जुन्या पेटीत आहे.