अरेंजर की-बोर्ड घेताना: साथीला बसणाऱ्या नवोदितांसाठी अनुभवाचे चार शब्द

भजनसंध्या, हळदी, गणेशोत्सवातील छोटे कार्यक्रम अशा ठिकाणी एकट्यादुकट्याने साथ करणाऱ्यांचे बरेचसे काम आज अरेंजर की-बोर्डवर चालते. गोव्यातील हॉटेलांत तर गाणारा आणि वाजवणारा एकच, ही पद्धत केव्हाच रुळली आहे. डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, धरली की ठेका, बास (खालच्या, खर्जातल्या स्वरांची साथ) आणि बाकीची साथ हे वाद्य स्वतः उभी करते. ‘कोणता की-बोर्ड घेऊ?’ असे नवीन मुले विचारतात, तेव्हा मी आधी उलट विचारतो की, तुमच्याबरोबर ठेका धरणारा माणूस असणार आहे की नाही. ढोलकी किंवा ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवणारा असेल, तर अरेंजरवर पैसे घालण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या वाद्यवृंदांत रोलँड एक्सपीएस-१० सारखे, स्वयंचलित साथ न देणारे सिंथेसायझर इतके दिसतात, ते याचमुळे.

माणूस नसेल, तर मात्र हे वाद्य नीट पारखून घ्यावे लागते. दुकानदार आवाजांची संख्या सांगतो. ती ऐकून घ्यावी आणि सोडून द्यावी. वरच्या दर्जाची मॉडेले, म्हणजे यामाहाचे २०१७ मधील जेनोस, २०२३ मधील जेनोस-२ किंवा कॉर्गची पीए मालिका, मुख्यतः युरोपात एकट्याने कार्यक्रम करणाऱ्या वादकाला डोळ्यांसमोर ठेवून घडत आली आहेत. त्या संगीतात कॉर्ड बदलत राहते आणि साथ तिच्यामागे जाते. आपल्या अभंगात किंवा भावगीतात कॉर्ड थोड्या, राग मात्र पक्का असतो आणि यंत्राला राग ठाऊक नसतो.

मालकंसातील अभंगाचे उदाहरण घ्या. पांढरी एक हा षड्ज धरून नवखा वादक षड्जाची मायनर कॉर्ड दाबतो. तिच्यात पंचम आलाच, आणि मालकंसात पंचम वर्ज्य. शिवाय बहुतेक स्टाइलींचा, म्हणजे वाद्यात तयार भरलेल्या ठेका-साथीच्या नमुन्यांचा, बास मूळ स्वरावरून पंचमावर उडी घेतोच, त्यामुळे गायकाच्या प्रत्येक आवर्तनाखाली नको तो स्वर ठणठणत राहतो. यावर माझा उपाय असा की, कॉर्ड मध्यमावरची धरायची: मध्यम, कोमल धैवत आणि वरचा षड्ज, म्हणजे पांढरी चार, काळी चार आणि पांढरी एक. तिन्ही स्वर रागातले, आणि बासने पाचव्या स्वरावर उडी मारली तरी तो षड्जावरच पडतो. मालकंसात तानपुराही मध्यमाचाच लावतात, त्यामुळे कानालाही ते परके वाटत नाही. पण स्टाइल साधी निवडावी, कारण नटवलेल्या स्टाइलींत कॉर्डवर नववा स्वर चढवलेला असतो आणि तो पुन्हा पंचमच निघतो. भूपात षड्जाची मेजर कॉर्ड चालते, पण बास मध्यमावरून चालत जातो किंवा वरून निषाद डोकावतो, आणि भूपात हे दोन्ही स्वर वर्ज्य. तिथे फक्त षड्ज-पंचम धरावेत, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर बास व कॉर्डचे भाग बंद करून नुसता ठेका ठेवावा. म्हणून दुकानात गेल्यावर पहिली चौकशी ही करावी की, स्टाइलमधील एकेक भाग एका बटणाने बंद करता येतो का. मेन्यूच्या तिसऱ्या पानावर दडलेली सोय मंचावर निरुपयोगी असते.

निर्मात्यांकडे माझे सर्वांत मोठे मागणे तबल्याचे आहे. गायक काळी चारमध्ये गाणार म्हटल्यावर आपण ट्रान्स्पोज करतो, म्हणजे बटणाने सगळ्या वाद्याची पट्टी सरकवतो, सगळी वाद्ये वर सरकतात, पण तबला ड्रम किटमध्ये, म्हणजे पट्टीबरोबर न सरकणाऱ्या तालवाद्यांच्या संचात, असल्यामुळे जागचा हलत नाही. चाटीचा (तबल्याच्या कडेचा) सूर षड्जाशी लागलेला असावा, ही आपल्याकडची अगदी प्राथमिक अपेक्षा, आणि लाखांच्या वाद्यातही ती सहज पुरी होत नाही. काही महाग मॉडेलांत ड्रमचे सूर एकेक करून बदलता येतात, पण गायिका ऐन वेळी पट्टी बदलते तेव्हा कोण त्यात शिरणार? भारतासाठी म्हणून काढलेल्या मॉडेलांत, उदाहरणार्थ यामाहाच्या पीएसआर-आय५०० मध्ये, तबला आणि तानपुऱ्यासह रियाजाची सोय दिली आहे. ती शिकणाऱ्याला उपयोगी आहे, मात्र कार्यक्रमातील अडचण वेगळी आहे.

समेबद्दलही, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेबद्दलही, सांगितले पाहिजे. आपले मुखडे पुष्कळदा समेच्या आधी उचलले जातात. सिंक स्टार्ट (डावा हात पडताच ठेका सुरू होण्याची सोय) लावून मुखड्याच्या पहिल्याच अक्षराला डावा हात टाकला, तर ठेक्याची सम तिथे पडते आणि पुढचे सगळे आवर्तन उलटे होते. मुखडा उजव्या हाताने उचलून डावा हात समेवरच पडू द्यायचा, एवढी एक सवय लावून घेतली की निम्मे गोंधळ टळतात. सात मात्रांच्या रूपक तालाचा अनुभव निराळा. त्याची पहिली मात्राच खालीची, म्हणजे हलक्या आघाताची, पण पाश्चात्त्य वळणाने बांधलेल्या स्टाइलींत तिथेच दणका दिलेला असतो, म्हणून रूपक मी यंत्रावर सोडतच नाही.

स्वतः जमवलेले ठेके आणि आवाज ही वादकाची खरी पुंजी असते, आणि इथे निर्माते आपल्याला बांधून घेतात. यामाहाचे एक्स्पान्शन पॅक (वाद्यात वरून भरायचे जादा आवाज आणि स्टाइली) ज्या वाद्यासाठी तयार केले त्याच वाद्यावर चढतात. वाद्य बदलले किंवा एका कार्यक्रमापुरते भाड्याने घेतले, तर त्या वाद्याची माहिती घेऊन पॅक पुन्हा करावा लागतो. म्हणून मूळ फायली संगणकावर वेगळ्या जपाव्यात, आणि भाड्याच्या वाद्यावर कार्यक्रम असेल तर त्यातल्या स्टाइलींवरच गाणी बसवून जावे.

पडदा भर उन्हात वाचता येतो का, हे हळदीच्या मांडवात पहिल्या दिवशीच कळते. दुरुस्तीची चौकशीही पैसे मोजण्यापूर्वी व्हावी. स्वरपट्ट्यांखालची कार्बन-रबराची पट्टी धूळ आणि दमट हवेने बिघडते, मग स्वरपट्टी दाबूनही स्वर येत नाही किंवा एकदम जोरात येतो. एका दुरुस्ती केंद्राने ही एवढीशी रबर-पट्टी परदेशातून मागवायची म्हणून माझा की-बोर्ड ऐन गणपतीत अडकवून ठेवला होता. तेव्हापासून नवे मॉडेल कितीही आवडले, तरी त्याची रबर-पट्टी गावात कोणाकडे मिळते ते विचारल्याशिवाय मी सौदा करत नाही.