डाव फसल्यावर: तालमीतून टेकनकडे

सातवीपासून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मी कोल्हापुरात तालमीत होतो. खांदा निखळला, कुस्ती सुटली. पुढं नोकरीसाठी पुण्यात आलो. २०२४ च्या जानेवारीत टेकन ८ हा दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम आला, तेव्हा रूममेटचा कंट्रोलर हातात घेतला. इतकी वर्षं लाल मातीत घालवलेल्याला हे लवकर जमेल, अशी माझी खात्री होती. त्यानंतर पाच महिने मी ऑनलाइन क्रमवारीत वॉरियर रँकच्या आसपास अडकून राहिलो. ब्लॉक, थ्रो, लो-मिड-हाय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितोय.

मला खाल्लं ते एकाच सवयीनं. माझी पाळी नसताना मी बटण दाबत होतो.

हे नीट समजून घ्या, कारण कॉम्बोच्या, म्हणजे सलग जोडलेल्या फटक्यांच्या, व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही. गेम सेकंदाला ६० फ्रेमनी चालतो. बहुतेक पात्रांचा सगळ्यात चपळ फटका म्हणजे जॅब, तो १० फ्रेममध्ये पोचतो. आता समजा, मी एक फटका मारला, समोरच्यानं तो ब्लॉक केला आणि त्या फटक्याला ब्लॉकवर उणे ६ आहे. म्हणजे तो मोकळा झाल्यावर ६ फ्रेमनी मी मोकळा होणार. मी लगेच जॅब दाबला तरी तो पोचणार १६ व्या फ्रेमला. त्याची हॉपकिक पोचते १५ व्या फ्रेमला. म्हणजे माझ्या सगळ्यात चपळ फटक्याला त्याची हवेत उडवणारी लाथ हरवते. शिवाय मी फटका मारायच्या बेतात असताना ती बसली, म्हणून काउंटर हिट. आख्खा कॉम्बो अंगावर.

तेच मी गप ब्लॉक करून उभा राहिलो असतो, तर? त्याची हॉपकिक ब्लॉक झाली असती. बहुतेकांची हॉपकिक ब्लॉकवर उणे १३ असते, आणि उणे १० पासून पुढं शिक्षा पक्की, म्हणजे उलटा फटका अडवायला मारणाऱ्याला वेळच उरत नाही. म्हणजे माझा अर्धा लाइफबार गेला तो त्याच्या हुशारीनं नाही, माझ्या घाईनं. उणे १ ते उणे ९ हा सगळा पट्टा फसवा आहे. तिथं शिक्षा पक्की नसते, त्यामुळं आपण सुटलो असं वाटतं. सुटलेलो नसतो. पाळी त्याची असते.

आणि हे डोळ्यांनी बघून ठरवता येत नाही. दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. तेवढ्यात सगळं उरकलेलं असतं. आपला कोणता फटका ब्लॉक झाल्यावर पाळी जाते, हे आधीच माहीत असावं लागतं.

मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते की हा धडा मी तालमीत शिकलो होतो. मी पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून ओढायला, घुसायचो, समोरचा पाय मागं टाकून माझ्यावर भार द्यायचा, पट फसायचा. मान खाली, हात गुंतलेले, आणि त्याच अवस्थेत मी दुसरा डाव ओढायला बघायचो. तो आरामात मागं जाऊन कब्जा घ्यायचा, आणि घिस्सा डावावर मी चीत. वस्ताद हौद्याच्या कडेवरून ओरडायचे, "आरं, फसला न्हवं डाव? मग आदी पाय गोळा कर की!" वर्षभर ऐकल्यावर ते अंगात मुरलं. पण हातात कंट्रोलर आल्यावर तीच गोष्ट नव्यानं शिकावी लागली, कारण इथं पाय गुंतल्याचं अंगाला कळत नाही. मातीत तोल गेला की पोटात समजतं. पडद्यावर तो नुसता एक आकडा असतो.

म्हणून प्रॅक्टिस मोडमध्ये फ्रेमचा आकडा दाखवायची सोय चालू करा. आपल्या पात्राचे रोज लागणारे आठ-दहा फटके घ्या आणि फक्त तेवढ्यांचे ब्लॉकवरचे आकडे पाठ करा. सगळी यादी पाठ करायला बसलात तर आठवड्यात गेम सोडाल. मग हरलेल्या लढतीचा रिप्ले लावा. टेकन ८ मध्ये रिप्ले मध्येच थांबवून आपण खेळायला लागू शकतो. जिथं मार बसला त्याच्या आधीचा फटका बघा, तिथं बटण न दाबता ब्लॉक करून बघा. रोज एक रिप्ले पुरे.

भीतीनं खाली बसू नका, हेही सांगतो. नवीन माणसाला लो बसला की तो सतत वाकून राहतो आणि मग मिड खाऊन हवेत जातो. बहुतेक लो थोडंसंच कापतात. कापू द्या. उभं राहून ब्लॉक करणारा लवकर मरत नाही.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. मी एकाला पैसे देऊन शिकवणी लावली होती. त्यानं तीन आठवडे भिंतीपर्यंतचे लांब कॉम्बो घोटून घेतले आणि एकदाही माझी हरलेली लढत बघितली नाही. जो तुमची हार बघत नाही, तो वस्ताद नव्हे. टियर लिस्ट, म्हणजे कोणतं पात्र किती ताकदवान याची यादी, बघून पात्र बदलणाऱ्यांचंही मला पटत नाही. स्पेशल स्टाइल, म्हणजे एकेका बटणावर डाव देणारी सोपी सोय, पहिला आठवडाभर वापरा, लाज वाटून घेऊ नका, पण पुढं सोडा; पाळी कुणाची हे ती शिकवत नाही.

खरी गरज असते जोडीची. तुमच्यापेक्षा थोडासाच वरचढ असा एक गडी, जो रोज खेळेल आणि लढत संपल्यावर बोलेल. लाहोरचा टेकन खेळाडू अर्सलान अ‍ॅश २०१९ मध्ये इव्हो जपान आणि त्याच वर्षी इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धा जिंकला, तो शहरातल्या आर्केडमध्ये तगड्या जोडीदारांबरोबर घडलेला. रँक्डमध्ये, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीच्या लढतींत, अनोळखी माणसाशी दोन-तीन लढती होतात आणि तो निघून जातो. खडाखडीत समोरच्याच्या हाताचा अंदाज यायच्या आत कुस्ती सुटल्यासारखं होतं ते.

मैदान बदललं की हुशार माणसालाही वेळ लागतो, हे मी स्वतःला खाशाबा जाधवांच्या आठवणीनं समजावलं. मातीत तयार झालेले खाशाबा १९४८ ला लंडनला मॅटवर उतरले आणि सहावे आले. मग मॅटचे नियम अंगवळणी पाडले आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्य आणलं. तुमचे पाच महिने त्यापुढं फार नाहीत.

उलट्या दिशेनं, गेम खेळून तालमीत किंवा किकबॉक्सिंगला जाणाऱ्यांना मात्र एक सक्त सूचना. पडायला शिकल्याशिवाय आणि मान तयार झाल्याशिवाय पूर्ण जोरात लढू नका. गेममध्ये रीमॅच मिळतो. माझा उजवा खांदा अजून डोक्याच्या वर नीट जात नाही.

गेल्या महिन्यात मी वॉरियरच्या वरच्या गॅर्यू रँकला पोचलो. काल रात्रीच्या रिप्लेत उणे ७ वर पुन्हा एकदा जॅब दाबलेला सापडला, तिसऱ्या राउंडला, दोघांचा लाइफबार संपत आलेला असताना. आज त्या एका फटक्यानंतर ब्लॉक करायचा सराव अर्धा तास करणार आहे.