राणीची गोळी आणि आईची गोळी

आमची राणी सात वर्षांची लॅब्रॅडॉर. खाणं होतं तेवढंच, पण वजन २६ किलोवरून ३० वर गेलं. फिरायला नेलं की कोपऱ्यावरच बसकण मारायची. शेपटी उंदराच्या शेपटीसारखी उघडी पडली, दोन्ही कुशींवरचे केस विरळ झाले, आणि खाज मात्र नाही. तिचा थायरॉईड कमी काम करत होता. अशी लक्षणं दिसली तर नुसतं औषधी शाम्पूवर भागवू नका, रक्त तपासा. एकट्या टी-फोरवर, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) तपासणीवर, निदान होत नाही. दुसरा आजार असेल, स्टिरॉइड किंवा फिट्सचं फिनोबार्बिटोन चालू असेल, तर थायरॉईड चांगला असूनही टी-फोर कमी येतो. फ्री टी-फोर (रक्तातलं मोकळं टी-फोर) आणि टीएसएचही (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) करून घ्या, चालू औषधं डॉक्टरांना आधीच सांगा.

आता गोळीचं. माझ्या आईला थायरॉईडसाठी लिव्होथायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी, दिवसातून एकदा. राणीलाही तेच औषध, पण सकाळ-संध्याकाळ १००च्या सहा-सहा गोळ्या! केमिस्टनं चिठ्ठी दोनदा वाचली, मीही घाबरले. पण कुत्र्याच्या आतड्यातून हे औषध कमी शोषलं जातं आणि शरीरातून लवकर निघून जातं. म्हणून सुरुवातीचा डोस साधारण किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ३० किलोला ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे ६०० मायक्रोग्रॅम. हा हिशोब समजावा म्हणून लिहिला. तुमच्या कुत्र्याचा डोस डॉक्टरच ठरवतील. हृदयाचा आजार किंवा मधुमेह असेल तर सुरुवात वेगळी असते. चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि बाटलीवर मायक्रोग्रॅम असेल, तर केमिस्टसमोरच गोळ्या मोजून घ्या. आमच्याकडे दोन्ही बाटल्या एकाच फडताळात होत्या. आता राणीच्या बाटलीला लाल चिकटपट्टी आहे आणि ती दुसऱ्या खोलीत असते.

गोळी जेवणाच्या तासभर आधी, चपातीच्या छोट्या गोळ्यात, रोज त्याच वेळी. माझी चूक इथे झाली. हाडांसाठी म्हणून मी सकाळच्या गोळीबरोबरच कॅल्शियमची पावडर देत होते. सहा आठवड्यांनी टी-फोर कमीच आला. डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "सोबत आणखी काय देता?" कॅल्शियम, लोह, अँटासिड गोळीचं शोषण अडवतात, त्यांच्यात काही तासांचं अंतर हवं. पावडर रात्री उशिरा द्यायला लागले, आणि पुढचा रिपोर्ट त्याच डोसवर नीट आला. हे रक्त गोळी दिल्यावर चार ते सहा तासांनी काढायचं, म्हणून गोळीची वेळ लिहून ठेवा.

एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. सतत धापा, अस्वस्थपणा, फार पाणी पिणं, झपाट्यानं वजन उतरणं दिसलं तर डोस जास्त होतोय, डॉक्टरांना कळवा. बाटलीच फस्त केली तर लक्षणांची वाट न बघता लगेच फोन करा.

राणी पंधरा दिवसांत पुन्हा दारापाशी पट्टा घेऊन उभी राहू लागली. शेपटीवर केस यायला मात्र पाच महिने लागले.