आखाजीनंतरची वावरातली कामं आणि डोळ्यात वाढणारं मांस

राम राम मंडळी. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, पऱ्हाटीची वावरं रोटर मारून मोकळी होताहेत, कुठं नांगरटी चालू आहे, कुठं बागायती कापसासाठी ठिबकच्या नळ्या अंथरणं चालू आहे, रावेर-यावल-चोपड्याकडं केळीला पाणी पुरवता पुरवता माणूस मेटाकुटीला आलाय आणि पारा काही ४४-४५ च्या खाली यायचं नाव घेत नाही. पाणी किती द्यायचं, खत कोणतं टाकायचं हे सगळेच सांगतात, आज डोळ्याचं बोलू.

पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे एकदा नीट बघा. एखाद्याच्या तरी नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळाकडं सरकलेला गुलाबीसर मांसाचा तिकोनी तुकडा दिसेल, त्यात बारीक लाल शिरा आणि टोक बुबुळावर चढलेलं. याला वडस म्हणतात, कोणी नाखुना म्हणतं, डॉक्टर लोक टेरिजियम म्हणतात. घरचे म्हणतात मोतीबिंदू आला, पण हा मोतीबिंदू नाही. मोतीबिंदू आत भिंगात होतो, वडस डोळ्याच्या वरच्या पातळ आवरणातून वाढतो. आणि हे काही एकट्या म्हाताऱ्यांचं दुखणं नाही, दिवसभर ट्रॅक्टरवर बसणाऱ्या पोरांनाही होतं.

मुख्य कारण ऊन, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, आणि जोडीला धूळ नि कोरडा वारा. जगात विषुववृत्ताच्या वर-खाली साधारण ३७ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात हा त्रास जास्त दिसतो, आपलं खान्देश २१ अंशांच्या आसपास, म्हणजे चांगलं आत बसलंय.

आता टोपीचं. टोपी, रुमाल, पागोटं सगळं चांगलंच आहे, डोकं वाचतं, पण डोळा पुरता वाचत नाही. कानशिलाच्या बाजूनं जे ऊन डोळ्यात शिरतं ते बुबुळाच्या गोलाईतून वळून बरोबर नाकाकडच्या कडेवर गोळा होतं, म्हणून तर वडस बहुतेक वेळा नाकाकडूनच सुरू होतो. दुसरं ऊन खालून येतं. टरबूज-मिरचीला आपण सिल्व्हर मल्चिंग, म्हणजे चंदेरी प्लास्टिकचा कागद टाकतो, ते ऊन वर फेकतं म्हणून रसशोषक किडी कमी बसतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच मल्चिंगवर ओणवं होऊन दिवसभर रोपं लावणाऱ्या बायांच्या डोळ्यात ते ऊन टोपीच्या खालून जातं याचा विचार कोणी करत नाही. मजुरांना हातमोजे देता ना, चष्मेही द्या.

चष्मा कसा? दोन्ही बाजूंनी कानशिलापर्यंत वळलेला, त्यावर यूव्ही ४००, म्हणजे अतिनील किरण अडवणारा, असं लिहिलेलं बघा. काच काळीच पाहिजे असं काही नाही, हार्डवेअरच्या दुकानात पॉलीकार्बोनेटचा पांढरा, म्हणजे पारदर्शक सेफ्टी गॉगल मिळतो तो अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो, धूळही अडवतो आणि पांढरा असल्यामुळं संध्याकाळी काढायची गरज नाही. यात्रेतल्या नुसत्या काळ्या गॉगलच्या भरवशावर राहू नका. केळीच्या बागेला गरम वारा लागू नये म्हणून आपण कडेनं शेवरी लावतो, चष्म्याचं कामही तेच. जमेल तितकं काम सकाळी ११ च्या आत आणि ४ नंतर घ्या. नांगरटी, रोटर, मळणी यंत्र चालू असेल तेव्हा वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहू नका. डोळ्यात कचरा गेला तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्यानं धुवायचा, फवारणीचं औषध उडालं तर चांगली १५-२० मिनिटं धार धरून धुवायचा आणि सरळ दवाखाना गाठायचा.

वडस लहान असतो तोवर डोळा लाल होतो, खुपतो, पाणी येतं, बस एवढंच. पुढं तो बुबुळाला ओढतो, गोलाई बिघडते, चष्म्याला सिलिंडरचा नंबर लागतो, रात्री समोरच्या गाडीचा लाईट फाकलेला दिसतो. आणि बाहुलीसमोर आला की नजरच झाकतो.

सगळ्यात जास्त राग मला मेडिकलवरच्या ड्रॉपचा येतो. डोळा लाल झाला की लोक जाऊन म्हणतात, मागच्या वेळचाच द्या. त्यातल्या कित्येक ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असतं, दोन दिवसात लाली जाते, माणूस खुश, मग महिनोन् महिने टाकत राहतो आणि आतल्या आत डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही भो, वडस तर ऑपरेशननं काढता तरी येतो. कोणत्याच ड्रॉपनं वडस विरघळत नाही. मध, रिठ्याचं पाणी, एरंडेल यानंही नाही, उलट डोळ्यात जंतू शिरतात. कोरडेपणासाठी डॉक्टर साधे ओलाव्याचे ड्रॉप लिहून देतात, ते चालतात.

लहान वडस काढायची घाई नको, वर्षातून एकदा तपासून घ्या, तो किती सरकला ते डॉक्टर मोजतात. झपाट्यानं वाढला, पांढरट खरखरीत दिसायला लागला किंवा रक्त यायला लागलं तर थांबू नका, क्वचित तो वेगळाच आजार निघतो. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं दाखवता येतं. मोतीबिंदूही असेल तर वडसाचं आधी विचारा, कारण वडसानं बुबुळाचं माप चुकतं आणि मोतीबिंदू काढून बसवायच्या लेन्सचा नंबर त्याच मापावरून ठरतो.

ऑपरेशन डोळ्यापुरती भूल देऊन करतात, बहुतेक त्याच दिवशी घरी सोडतात. नुसता वडस कापून सोडला तर तो पुन्हा येण्याचं प्रमाण फार, म्हणून वरच्या पापणीखालचं पातळ आवरण काढून त्या जागी लावतात, टाक्यानं किंवा गोंदासारख्या औषधानं. तुमच्या डॉक्टरला आधीच विचारा, आवरण लावणार का. तरण्या माणसात पुन्हा येण्याची भीती जास्त, त्यांनी ऑपरेशननंतर चष्मा अजिबात सोडायचा नाही. ऑपरेशननंतर तीन-चार आठवडे धूळ, ऊन, फवारणी बंद, ड्रॉप लिहून दिले तितकेच दिवस, म्हणून पेरणीच्या तोंडावर किंवा कापूस वेचणीत तारीख घेऊ नका. घरातलं दुसरं कोणी वावर सांभाळेल असा महिना बघूनच तारीख ठरवा.