नाण्यातली चूक ओळखायला शिकताना

माझं पहिलं ‘एरर नाणं’, म्हणजे टांकसाळीतच चुकीचं बनलेलं नाणं, मी पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलं. तांबं-निकेलचे २५ पैसे, १९८०च्या दशकातले. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण उलटे आणि आत दबलेले. विकणारा म्हणाला, ब्रॉकेज आहे. घरी भिंगाखाली धरलं तेव्हा दबलेल्या सिंहांच्या खाली पुसट ‘२५’ दिसला, आणि पलीकडचे सिंह चेपलेले होते. कुणीतरी दोन नाणी शिकंज्यात धरून दाबली होती.

खऱ्या ब्रॉकेजमध्ये असं होऊच शकत नाही. आधी छापलेलं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच ठसा उमटतो. चकती कोरी असते, त्यामुळे खाली दुसरं काही दिसायचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या बाजूला खरा साचा असतो, म्हणून ती बाजू ठसठशीत उठते.

तेव्हापासून मी चुकांची नावं पाठ करणं सोडलं आणि नाणं बनतं कसं ते आधी समजून घेतलं. नवीन माणसाला मी हेच सांगतो. धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, त्यांची कड दाबून उचलतात, मग कॉलरमध्ये, म्हणजे धातू बाहेर पसरू न देणाऱ्या कड्यात, बसवून दोन साच्यांमध्ये ठोकतात. हातातल्या नाण्यात विचित्र काही दिसलं, तर यातल्या कोणत्या पायरीवर ते घडलं असेल हे विचारा. पायरी सापडली नाही, तर बहुधा नाणं टांकसाळीबाहेर बिघडलेलं असतं.

कातरलेल्या नाण्याचंच बघा. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर पडतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखी खाच येते. खाच असलेल्या जागी कड उचलणाऱ्या यंत्राला टेकायला धातू नसतो, म्हणून बरोबर समोरच्या बाजूलाही दाब कमी पडतो आणि तिथली कड पुसट राहते. घरी कानस मारून नाणं कापणाऱ्याला ही समोरची कड साधत नाही. इतकी भरवशाची खूण मला दुसरी माहीत नाही.

सालाचे आकडे दुहेरी दिसले तर घाई करू नका. दुसरी रेघ पायरीसारखी सपाट असेल आणि मूळ आकडा बारीक झाला असेल, तर ठोकताना साचा हलला एवढंच. अशी नाणी ढिगाने मिळतात. साच्यावरच दुहेरी कोरलं गेलं असेल, तर दोन्ही प्रतिमा गोलसर उठलेल्या असतात आणि आकडा जाड दिसतो. तसंच, उठलेली रेघ म्हणजे साच्याला गेलेली भेग, खोल रेघ म्हणजे बहुतेक वेळा नुसता ओरखडा.

सालाखालची खूणही चूक नव्हे, ती टांकसाळीची खूण असते. हिरा मुंबईचा, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा. कोलकात्याची खूणच नसते. रुपयाचं चिन्ह नसलेलं १० रुपयांचं नाणंही बरोबरच आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये १० रुपयांचे १४ वेगवेगळे नमुने चलनात असल्याचं सांगितलं होतं. आणि ‘हे नाणं द्या, लाखो मिळवा’ म्हणत आधी शुल्क मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

दहापट दाखवणारं भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा एवढ्यावर सुरुवात होते. नाणं चिंचेने किंवा पावडरीने घासू मात्र नका, पुरावाच पुसला जातो. जमेल तेव्हा नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय बघून या. हाताने ठोकलेली जुनी नाणी पाहिली, की कॉलरचं महत्त्व चटकन कळतं.

पुढे किराणा दुकानातून सुट्ट्या पैशांत स्टीलचा एक रुपया आला, कडेला छोटी खाच असलेला. या नाण्याचं ठरलेलं वजन ४.८५ ग्रॅम, काट्यावर भरलं ४.६१. नाणं फिरवून खाचेच्या बरोबर समोर भिंग नेलं. तिथली कड पुसट होती.