स्लॅबच्या दिवशी पाण्याचं माप कुणाच्या हातात?

स्लॅब भरताना सगळ्यांचं लक्ष सिमेंटच्या गोण्यांवर असतं, पण घोटाळा होतो तो पाण्यात. १:१.५:३ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणात ५० किलोच्या एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी पुरतं. वाळू ओली असेल तर त्याहून कमी, कारण पाणी वाळूतच आलेलं असतं. मिक्सरपाशी पाइप सोडून ठेवू नका. खूण केलेली बादली आणि तिच्यासाठी एकच जबाबदार माणूस ठेवा. माल पातळ केला की तो पसरायला सोपा जातो, म्हणून पाणी वाढवायचा मोह होतोच. जादा पाणी नंतर उडून जातं, मागे बारीक पोकळ्या राहतात, ताकद घटते आणि पुढे गळती सुरू होते. माल घट्ट वाटला तर व्हायब्रेटर, म्हणजे माल थरथरवून त्यातली हवा काढणारं यंत्र, नीट चालवा: त्याची सुई (लांब नळी) मालात उभी घाला, बुडबुडे थांबले की हळू बाहेर काढा. एक जादा व्हायब्रेटर आणि ताडपत्री आधीच आणून ठेवा.

भरण्याआधी सळ्यांखाली २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळ्या तळापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे) आहेत ना, हे स्वतः वाकून बघा. वरच्या सळ्या पायाखाली दबतात, त्यामुळे चालायला फळ्या टाका.

पृष्ठभाग घट्ट झाला की स्लॅबवर छोटे बांध घालून वाफे करा आणि त्यात पाणी साठवा. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) मिसळलेल्याला १०. तुळईखालचे टेकू मात्र घाईने काढू देऊ नका, तुळईच्या दोन आधारांमधलं अंतर ६ मीटरपर्यंत असेल तर १४ दिवस लागतात.