ब्लड कल्चर (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायची टेस्ट) पॉझिटिव्ह आलंय, खरं इन्फेक्शन का कंटॅमिनेशन (रक्त घेताना बाहेरचा जंतू बाटलीत गेलेला), कसं ओळखायचं?

लॅबमधून फोन येतो, 'ग्राम पॉझिटिव्ह कोकाय, क्लस्टरमधी' (म्हणजे घोसात दिसणारे गोल जंतू, बहुतेक स्टॅफ), अन् इकडं लगेच व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून मोकळे. पेशंटचा बीपी पडायलाय तर लिहाच, वाट बघू नका. पण पेशंट ठीक असेल तर आधी लॅबला विचारा, किती सेट आले होते अन् त्यातल्या कितींमधी ग्रोथ आहे?

एका टोचणीतून भरलेल्या दोन बाटल्या म्हणजे एकच सेट. दोन्ही बाटल्या पॉझिटिव्ह म्हणून 'दोन पॉझिटिव्ह' धरायचं नाही, स्किनवरचा जंतू एकाच सुईतून दोन्हीत जाऊ शकतो.

आता जंतूचं नाव. स्टॅफ ऑरियस, ई कोलाय, क्लेबसिएला, सुडोमोनास, न्यूमोकोकस, टायफॉइडचा साल्मोनेला, कॅन्डिडा, यातलं काही एका बाटलीत जरी आलं तरी खरंच धरा. कॅन्डिडाला तर कंटॅमिनेशन म्हणून कधीच सोडू नका. कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ, मायक्रोकोकस, डिफ्थेरॉइड्स, बॅसिलस (अँथ्रॅक्स सोडून) हे दोनपैकी एकाच सेटमधी आले तर बहुतेक स्किनवरचे. पण दोन्ही सेटमधी तीच स्पीशीज, तोच सेन्सिटिव्हिटी पॅटर्न (कोणती अँटिबायोटिक्स लागू पडतात ते), त्यात पेशंटला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवलेली नळी), कृत्रिम व्हॉल्व्ह नाहीतर पेसमेकर, किंवा बाळ एनआयसीयूतलं (नवजात बाळांच्या आयसीयूतलं), तर हेच जंतू खरं इन्फेक्शन असू शकतात. स्टॅफ लुगडुनेन्सिस दिसला तर तो साधा समजू नका, ऑरियससारखाच वागतो.

लाइनचा संशय असेल तर लाइनमधून अन् हातातून एकाच वेळी, सारखंच रक्त घ्या, लाइनचं कल्चर 2 तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह आलं तर इन्फेक्शन लाइनचंच.

24 तासांनंतर उगवलं तर कंटॅमिनेशनची शक्यता वाढते, पण आपल्याकडं यावर फार भरवसा नको. तालुक्यातून बाटली लातूरला नाहीतर संभाजीनगरला जायची, उन्हात गाडीतच जंतू वाढायला लागतात अन् मशीनचं घड्याळ बाटली आत ठेवल्यावर चालू होतं. बाटली फ्रीजमधी पण ठेवायची नाही.

खरं तर निम्मा घोळ रक्त घेतानाच होतो. मे महिन्यात घामानं निथळलेला हात, नुसता स्पिरिटचा बोळा फिरवला अन् सुई टोचली, असं करू नका. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलनं 30 सेकंद घासा, आपोआप वाळू द्या, फुंकर मारू नका, पुसल्यावर परत बोटानं शीर चाचपू नका. झाकण काढल्यावरचं रबर पण स्पिरिटनं पुसा, ते निर्जंतुक नसतं. मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली, दोन वेगळ्या जागांवरून दोन सेट, अन् अँटिबायोटिकच्या आधी. गावातल्या डॉक्टरकडं इंजेक्शन घेतलंय का हे विचाराच, कारण घेतलं असेल तर निगेटिव्ह कल्चरवरून काहीच ठरत नाही.

नातेवाइकांचा खर्च वाचावा म्हणून एकच सेट पाठवायलेत बरेच जण, मला कळतं, पण मग कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ आला की फक्त अंदाज बांधायचा अन् पेशंट विनाकारण आठवडाभर व्हॅन्कोमायसिनवर. असं अडकलात तर लगेच, व्हॅन्को द्यायच्या आधीच, दुसरा सेट घ्या, तो निगेटिव्ह आला अन् पेशंट बरा दिसतोय, तर व्हॅन्को बंद करा, अन् का बंद केलं ते केसपेपरवर लिहा.